किरकोळ खर्चात गेलेली माणसं

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाची स्मरणिका स्नेह्यांनी वाचायला दिली. कागद उत्तम, छायाचित्रं देखणी. जुन्या मोडी जमाखर्चाचा तक्ता छापलाय म्हणून हौसेने उघडली. बँकेत हिशेब तपासण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे देवाआधी नजर बेरजेकडे जाते. बेरजा बरोबर आहेत. माझी तक्रार खात्यांबद्दल आहे.

वहीच्या एका पानाचं छायाचित्र दिलंय. त्यात तेलवात, नैवेद्य, पालखी यांच्याखाली वाजंत्री, कलावंत, परीट, कुंभार यांना काय दिलं ते वेगवेगळं लिहिलंय. कोणाला भात, कोणाला नारळ, कोणाला रोकड. समोरच्या पानावर संपादकांचा तक्ता. तिथे हे सगळे एका ओळीत : 'इतर किरकोळ खर्च'. बेरीज जुळते हो, पण माणसं गेली!

महाजनांची यादी मात्र आठ पानं. ती असणारच. पोर्तुगीज सरकारने १८८६ साली देवस्थानांसाठी नियमावली केली, १९३३ साली ती नव्याने आली, आणि महाजनांची नोंद ठेवणं, मामलेदाराची देखरेख हे सगळं कायद्यात बसलं. म्हणजे महाजनांची नावं सरकारदप्तरीही सापडतील. सेवेकरी त्या नोंदीत नाहीत. ते असले तर खर्चाच्या बाजूलाच, आणि नेमकी तीच बाजू इथे आटोपशीर केलीय.

आता उलट उदाहरण बघा. तिसवाडीतली देवळं पाडल्यावर त्यांच्या जमिनींचं उत्पन्न १५४१ मध्ये चर्चकडे वळवलं गेलं. जमीन तीच, जमा तीच, धनी बदलला. पुढे साष्टीच्या १५६७ च्या फोरालमध्ये देवळांबरोबर त्यांच्या सेवेकऱ्यांच्याही जमिनी नोंदल्या गेल्या. हेतू वसुलीचा होता, त्यात कसली आलीय आस्था! तरी देवळाच्या आसऱ्याने कोण जगत होतं, याचा माग त्या परक्या दप्तरात लागतो. आपल्या स्मरणिकेत लागत नाही, हे मला बोचलं.

प्रस्तावनेत 'वाचकांच्या सोयीसाठी' खाती एकत्र केल्याचं म्हटलंय. सोय समजू शकतो, पण मग मूळ खाती परिशिष्टात हवी होती. जाहिरातींना बारा पानं मिळाली, त्यातली दोन पुरली असती.

छायाचित्रातल्या सोळा ओळी मला भिंगाखाली लागल्या. खाली पान कापलंय. दुसरी आवृत्ती निघणार असेल तर मोडी वाचणारे आम्ही दोघेतिघे वहीसमोर बसायला तयार आहोत. वही वाळवीच्या आधी हाती लागावी, एवढंच.