शास्त्रवचन आणि धर्मसत्ता : ‘उनाम सांक्तम’चे परीक्षण

फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याच्याशी चाललेल्या संघर्षात पोप आठवा बोनिफास याने १३०२ साली ‘उनाम सांक्तम’ हे आज्ञापत्र काढले. पोपच्या अधीन असणे प्रत्येक मानवाच्या तारणास आवश्यक होय, हा त्याचा निष्कर्ष. त्यासाठी दिलेल्या शास्त्राधारांपैकी दोन विशेष चिंत्य आहेत. लूककृत शुभवर्तमानातील दोन तरवारी म्हणजे धर्मसत्ता व राजसत्ता, हा अर्थ मूळ प्रसंगातून निघत नाही. दान्तेने ‘मोनार्किया’च्या तिसऱ्या भागात त्या प्रसंगाचाच आधार घेऊन या अर्थाचे खंडन केले आहे. दुसरा विपर्यास अधिक सूक्ष्म आहे. आध्यात्मिक मनुष्याचा न्याय कोणी करू शकत नाही, हे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील पौलाचे विधान आत्मा लाभलेल्या श्रद्धावंतांविषयी आहे. आज्ञापत्रात ते एका पदाचे लक्षण बनते. वस्तुतः त्या विधानापाठोपाठच पौल स्वतःस व अपुल्लोसास केवळ सेवक म्हणवून पुढाऱ्यांच्या नावे पडलेल्या तटांचा निषेध करतो. त्याच पत्रातून निरंकुश सत्ता सिद्ध करावयाची, तर संदर्भ तोडणे अपरिहार्यच ठरते. आणि संदर्भ तुटला, की ज्या वचनाने अधिकाराची परीक्षा व्हावयाची, तेच त्याची ढाल होते.