१२५ अंश, पण कुठे मोजले?

पेपर वाचताना आकडा लक्षात राहतो आणि तो कुठे, कसा मोजला ते विसरायला होतं. माझंही पहिल्या वर्षी हेच व्हायचं. म्हणून आज एकच पेपर नीट तपासूया.

२०१७ साली 'नेचर'मध्ये रुपर्ट सदरलँड आणि सहकाऱ्यांचा लेख आला. न्यूझीलंडच्या आल्पाइन फॉल्टजवळ, व्हाटारोआ नदीच्या खोऱ्यात २०१४ मध्ये ८९३ मीटर लांबीची बोअर मारली होती. तिथे तापमान दर किलोमीटरला सरासरी १२५ अंश सेल्सिअसने वाढताना दिसलं. एरवी खंडांवर ही वाढ २५ ते ३० अंशांच्या आसपास असते. आणि इथे जवळपास ज्वालामुखीही नाही! मग भूऔष्णिक ऊर्जेची चर्चा सुरू झाली नसती तरच नवल.

लेखातलं स्पष्टीकरण मला पटतं. फॉल्टवरच्या हालचालीमुळे खोलवरचा गरम खडक झपाट्याने वर येतो. डोंगरावर पडलेलं पाणी भेगांतून खाली मुरतं, तापतं आणि दरीच्या तळाशी वर येतं. मोजणीही कष्टाने केलेली आहे. बोअर मारताना आत फिरणारा चिखल आजूबाजूचा खडक थंड करतो, त्यामुळे लगेच घेतलेलं तापमान फसवं असतं. या प्रकल्पात केसिंगमागे फायबर ऑप्टिक केबल बसवून नंतरही पुन्हा पुन्हा तापमान घेतलं. ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

आता माझे आक्षेप.

एक, ही बोअर फॉल्टपर्यंत पोचलीच नाही. केसिंग बिघडलं आणि काम थांबलं. म्हणजे सगळी मापं फॉल्टच्या वरच्या अंगाच्या खडकातली. लेखक हे लपवत नाहीत, पण शीर्षक मात्र थेट फॉल्टबद्दल बोलतं.

दोन, याच गटाने २०११ मध्ये गाँट क्रीक इथे उथळ बोअर फॉल्टच्या आरपार नेली होती. तिथे वाढ निघाली दर किलोमीटरला सुमारे ६३ अंश. फॉल्ट तोच, आकडा निम्मा! गरम पाणी दरीच्या तळाशी वर येतं हे लेखकांचंच म्हणणं मानलं, तर १२५ हा बराचसा त्या दरीचा आकडा आहे. अख्ख्या फॉल्टला तो लावता येणार नाही.

तीन, त्या १२५ च्या पुढे '± ५५' लिहिलंय, ते वाचलंत का? जिथे वाहतं पाणी उष्णता नेतं, तिथे तापमानाची रेघ सरळ राहत नाही. म्हणून '३ किलोमीटरवर ३७५ अंश' हा गुणाकार करू नका.

ऊर्जेसाठी शोध घेताना तर आणखी एक प्रश्न येतो: पाणी वाहतं का? गाँट क्रीकला फॉल्टच्या दोन बाजूंना पाण्याचा दाब वेगवेगळा होता. म्हणजे मधला भुगा झालेला, चिकणमातीचा पट्टा पाणी अडवत होता. शेजारचा भेगाळलेला खडक मात्र पाणी वाहून नेऊ शकतो. नुसत्या तापमानावरून हा फरक कळत नाही. त्याच खोलीवरचा दाब, भेगांची चित्रं आणि चिखल कुठे गळाला याची नोंद शेजारी ठेवावीच लागते.

पेपर चांगलाच आहे, जरूर वाचा. फक्त वहीत '१२५' लिहाल तेव्हा त्याच ओळीत लिहा: एक बोअर, दरीचा तळ, फॉल्टच्या अलीकडे.