गरीब गाय, लेट्यूस आणि गढूळ पाणी

2022 च्या हिवाळ्यातला तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरलचा वीजप्रकल्प, काठावर सरकारी खात्याची माणसं, त्यांच्या हातात रोमेन लेट्यूसचे गड्डे आणि खाली पाण्यातून वर आलेली करडी, सुरकुतलेली नाकाडं. मॅनाटी उपाशी आहेत आणि माणसं त्यांना खाऊ घालताहेत. आपण एक बदाम टाकतो आणि पुढे सरकतो.

मला त्या व्हिडिओतल्या माणसांवर टीका करायची नाही. समोर जनावर उपाशी मरत असताना काहीतरी करणं भाग होतं. माझा आक्षेप आहे तो त्यातून तयार झालेल्या गोष्टीवर. ती गोष्ट सुरू होते भुकेपासून आणि संपते घासापाशी. भूक कुठून आली, हे तिच्यात कुठेच नाही.

मराठीत आपण मॅनाटीला समुद्रगाय म्हणतो, डुगाँगलाही तेच म्हणतो. गाय म्हटलं की 'गरीब' हे विशेषण आपसूक चिकटतं. गरीब गायीला आपण काय देतो? दया, आणि जमलं तर चारा. नेमकं तेच इथे झालं. खरं तर मॅनाटीचं नातं गायीशी नाही, हत्तीशी आहे. शिवाय हा प्राणी चरण्यासाठीच घडलेला आहे. गवताबरोबर वाळू चावून पुढचे दात झिजतात, पडतात आणि मागचे दात पुढे सरकत राहतात, आयुष्यभर. साडेचारशे किलोचा मॅनाटी रोज स्वतःच्या वजनाच्या साधारण 4 ते 9 टक्के वनस्पती खातो. ढोबळमानाने 30-35 किलो धरा.

आता तो लेट्यूसचा आकडा बघा. त्या पहिल्या हिवाळ्यात सुमारे 2,02,000 पौंड लेट्यूस घातलं गेलं, म्हणजे जवळपास 91 टन. बातमीत हा आकडा प्रचंड वाटतो. पण रोजचे 35 किलो आणि तीन महिने असा साधा भागाकार करा. जेमतेम तीसेक प्राण्यांचं पूर्ण पोट भरेल एवढंच ते अन्न होतं, आणि लेट्यूसमध्ये बहुतांश पाणीच असतं. थंडीच्या दिवसांत त्या प्रकल्पापाशी शेकडो मॅनाटी जमतात. हा उपाय पूरक म्हणूनच योजला होता, हे मान्य. पण गोष्ट सांगताना 'पूरक' हा शब्द गळून पडला.

मग ते तिथे जमतात तरी का? मॅनाटी अंगाने भरलेला दिसतो, पण व्हेलसारखा चरबीचा जाड थर त्याच्याकडे नाही आणि त्याचा चयापचयही मंद. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या खाली फार काळ राहिलं, तर तो आजारी पडतो, मरतोही. त्यामुळे हिवाळ्यात फ्लोरिडातले निम्म्याहून जास्त मॅनाटी वीजप्रकल्पांतून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्याचा आसरा घेतात. आसपासचं गवत संपलं, तर त्यांच्यापुढे दोनच रस्ते उरतात. चरायला दूर जायचं आणि गारठायचं, किंवा उबेत थांबून उपाशी राहायचं. बरेच जण थांबले. 2021 मध्ये फ्लोरिडात 1,100 मॅनाटी मेल्याची नोंद झाली. तिथे एका वर्षात इतके मृत्यू आधी कधीच नोंदले गेले नव्हते.

गवत गेलं ते इंडियन रिव्हर लगूनमधून. नावात नदी असली तरी ही किनाऱ्याला समांतर पसरलेली, सुमारे 250 किलोमीटर लांब, उथळ खारी खाडी आहे. तिच्यातलं पाणी समुद्राशी सावकाश बदलतं. त्यामुळे काठावरच्या घरांच्या सेप्टिक टँकमधलं, हिरवळीवरच्या खतांमधलं आणि सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस आत साठत जातं. त्यावर शेवाळ माजतं, पाणी गढूळ होतं, तळापर्यंत उजेड पोहोचत नाही आणि समुद्री गवत मरतं. 2011 मध्ये इथे शेवाळाचा पहिला मोठा उद्रेक झाला. 2009 नंतर या खाडीतलं निम्म्याहून जास्त गवत गेलं.

आता कालक्रम लक्षात घ्या. 2011 मध्ये शेवाळ. 2013 मध्ये याच खाडीत शंभराहून जास्त मॅनाटींचे गूढ मृत्यू. आणि मार्च 2017 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय वन्यजीव खात्याने मॅनाटीला 'संकटग्रस्त' वर्गातून खालच्या 'धोक्यात' या वर्गात आणलं आणि ती यशाची बातमी ठरली. आधार ठोस होता. 1991 च्या हवाई पाहणीत 1,267 मॅनाटी दिसले होते, आता फ्लोरिडात अंदाज 6,600 च्या वर गेला होता. बोटींच्या वेगावर मर्यादा आल्या, त्याचा फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. नंतरच्या 2021-22 च्या पाहणीतही अंदाज 8,350 ते 11,730 एवढा आला. म्हणजे मोजणी फसवी नव्हती.

पण प्राणी मोजले म्हणजे सगळं मोजलं, असं होत नाही. मॅनाटी साठ वर्षंही जगू शकतो. मादी साधारण अडीच-तीन वर्षांनी एका पिल्लाला जन्म देते. अशा प्राण्याची संख्या हा कालच्या परिस्थितीचा आरसा असतो, उद्याची खबर गवत देतं. वर्ग ठरवताना गवताची ती खबर कमी ऐकली गेली, असं माझं मत आहे. वर्ग बदलल्यामुळे मॅनाटी मेले, असं मात्र मी म्हणणार नाही. कायद्याचं संरक्षण तेव्हाही होतं, आणि वरचा वर्ग परत दिला म्हणून तळाशी उजेड पोहोचत नाही.

म्हणूनच गोष्ट कशी सांगितली जाते, याला महत्त्व आहे. प्रोपेलरच्या जखमा दिसतात, म्हणून बोटवाला खलनायक होतो. लेट्यूस दिसतं, म्हणून खाऊ घालणारा नायक होतो. सेप्टिक टँक जमिनीखाली असतो, तो कॅमेऱ्यात येत नाही. देणगी देणाऱ्याचीच हिरवळ त्या शेवाळाला खत पुरवत असेल, तरी या गोष्टीत त्याला कुणी काही विचारत नाही. एप्रिल 2025 मध्ये एका केंद्रीय न्यायालयाने तो प्रश्न विचारला. सांडपाण्याचे नियम ढिले ठेवून राज्याच्या पर्यावरण खात्याने मॅनाटींना इजा होऊ दिली, असा निकाल त्याने दिला. व्हिडिओइतका हा निकाल फिरला नाही.

तुमच्यापैकी काही जण अबू धाबीत असतील. तिथल्या उथळ समुद्रात सुमारे 3,000 डुगाँग आहेत, आणि तेही याच प्रकारच्या गवतावर जगतात. पुढच्या वेळी मॅनाटीचा किंवा डुगाँगचा गोड व्हिडिओ आला, तर बदाम जरूर टाका. फक्त सोबत एक प्रश्नही टाका: या पाण्याच्या तळाशी आज गवत किती आहे, आणि वरच्या काठावर कुणाचं सांडपाणी उतरतंय?