युनेमच्या उत्तरावर किती विसंबावे?

लिनक्सच्या प्रॅक्टिकल वहीत पहिल्याच प्रयोगात ‘युनेम -ए’ ही कमांड असते. विद्यार्थी ती चालवतात, पडद्यावरची ओळ उतरवून घेतात आणि खाली लिहितात, ‘ही कमांड ऑपरेटिंग सिस्टिम व हार्डवेअरची माहिती दाखवते.’ या वाक्याला आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे पूर्ण गुण देत आलो. ते अर्धेच खरे आहे.

युनेम कर्नलला विचारते, आणि कर्नल स्वतःपुरते सांगतो. ओळीत ‘उबुंटू’ हा शब्द दिसला, तरी ती कर्नल कोणी बांधला याची खूण असते. वितरण कोणते, हे ‘ईटीसी’ डिरेक्टरीतील ‘ओएस-रिलीज’ फाईलमध्ये पाहावे. उबुंटूवर डेबियनचा डॉकर कंटेनर चालवून बघा: फाईल डेबियन म्हणते, युनेमच्या ओळीत उबुंटूच असते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण प्रश्न वेगळे आहेत.

हार्डवेअरच्या बाबतीत घोळ जास्त आहे. आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याला ‘युनेम -एम’ ने ‘आय६८६’ असे उत्तर दिले. त्याने वहीत लिहिले, ‘प्रोसेसर ३२ बिटचा आहे.’ मीही सही केली. नंतर ‘एलएससीपीयू’ चालवले, तर प्रोसेसर ३२ आणि ६४ अशा दोन्ही पद्धतींत चालणारा निघाला; त्यावर बसवलेला कर्नल तेवढा ३२ बिटचा होता. चूक त्याची कमी, माझी जास्त. युनेमचे ‘-पी’ आणि ‘-आय’ हे पर्याय तर अनेकदा ‘अननोन’ एवढेच सांगतात. ते सगळ्या प्रणालींवर सारखे चालत नाहीत, असे मॅन्युअल पानावरच लिहिलेले आहे. पण ते पान उघडतो कोण?

एलएससीपीयूही शेवटचा शब्द नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये ते तुम्हाला वाटून दिलेलेच प्रोसेसर मोजते. ‘हायपरव्हायझर व्हेंडर’ ही ओळ दिसली की सावध व्हावे.

‘डीएमआयडिकोड’ मदरबोर्डचे नाव, रॅमच्या पट्ट्या, सारे सांगते, म्हणून मुलांना ते आवडते. पण ते हार्डवेअर तपासत नाही, फर्मवेअरमधला तक्ता वाचून दाखवते. जुळवलेल्या संगणकांवर अनुक्रमांकाच्या जागी कधी कधी ‘टू बी फिल्ड बाय ओ. ई. एम.’ असे छापून येते, म्हणजे उत्पादकाने भरायचा रकाना कोरा राहिलेला.

यंदापासून मी प्रत्येक उत्तराशेजारी एक रकाना वाढवला आहे: ही माहिती कमांडने कुठून आणली? कर्नल, फाईल की फर्मवेअर? वही तपासायला आता दुप्पट वेळ लागतो.