लोखंडाकडे झुकलेलं पारडं

नियमपुस्तिका कुणी रस घेऊन वाचत नाही. पण आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग महासंघाच्या तांत्रिक नियमांत बारबेलच्या वजनाबद्दल एक छोटं कलम आहे. ज्याने घरात रॉड आणि प्लेट आणून ठेवल्या आहेत, त्याने ते एकदा सावकाश वाचावं. पाच किलोंहून जड असलेला प्रत्येक भाग, मग तो रॉड असो की प्लेट, नोंदलेल्या वजनापेक्षा फार तर ०.१ टक्का जड किंवा ०.०५ टक्का हलका असलेला चालतो. पाच किलो आणि त्याखालच्या भागांना १० ग्रॅम जास्तीची मुभा आहे, कमीची मुळीच नाही. कलम एवढंच.

यात पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो दोन्ही बाजूंचा असमानपणा. कारखान्यात ‘अधिक-उणे’ म्हटलं की बहुधा दोन्हीकडे एकच आकडा असतो. इथे अधिकचा आकडा उण्याच्या दुप्पट आहे. २५ किलोंची लाल प्लेट २५ ग्रॅमने जड भरली तर स्वीकारली जाते, पण १२.५ ग्रॅमपेक्षा जास्त हलकी भरली तर बाद होते. लोखंड तंतोतंत घडवता येत नाही, हे कलमाने आधीच मान्य केलेलं आहे. चूक होणारच असेल तर ती कोणत्या बाजूने झालेली परवडेल, एवढाच प्रश्न त्याने सोडवला आहे. खेळाडूने चार ग्रॅम जास्त उचलले तर त्याच्या विक्रमावर बोट ठेवता येत नाही. कमी उचलले तर विक्रमच संशयित होतो. म्हणून पारडं लोखंडाकडे झुकलेलं.

शेजारी आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाचा नियम ठेवला की ही नजर आणखी खुलते. तिथे प्लेटला ०.२५ टक्का किंवा १० ग्रॅमची सूट आहे, आणि ती दोन्हीकडे सारखी. तोही नियम काटेकोरच आहे, पण त्याला स्वतःची बाजू नाही. वेटलिफ्टिंगच्या कलमाला आहे.

कलमाचा खरा कस लागतो तो छोट्या प्लेटपाशी. अर्ध्या किलोच्या पांढऱ्या प्लेटला १० ग्रॅम म्हणजे चक्क दोन टक्के. टक्केवारीत पाहिलं तर सर्वांत मोठी सूट सर्वांत लहान प्लेटला मिळाली आहे, आणि तरीही उणेचा दरवाजा तिलाच पूर्ण बंद. यामागचं शहाणपण निकालांच्या तक्त्यात दिसतं. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलले आणि त्याला रौप्य मिळालं. सुवर्ण जिंकणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूची बेरीज २४९ होती. २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मीराबाई चानूने १९९ किलो उचलले, कांस्य २०० किलोंना गेलं. दोन्हीकडे अंतर एका किलोचं. बारबेलवर हा एक किलो म्हणजे दोन्ही टोकांना चढवलेली अर्ध्या-अर्ध्या किलोची एकेक प्लेट. पदकं जिथे ठरतात तिथे कलम एक ग्रॅमही उणं खपवून घेत नाही.

बेरीज करून पाहण्यातही गंमत आहे. २०० किलोंच्या बारबेलमध्ये २० किलोंचा रॉड, अडीच-अडीच किलोंच्या दोन कॉलर, आणि प्रत्येक बाजूला २५च्या तीन, १०ची एक, अडीचची एक अशा प्लेट धरा. सगळे भाग कमाल जड निघाले तर २३० ग्रॅम जास्त भरतील. सगळे कमाल हलके निघाले तर ९५ ग्रॅम कमी. कितीही ताणलं तरी चूक एका किलोच्या पायरीला गिळत नाही.

इतकी नेमकी प्लेट तयार कशी होते, हे पॉवरलिफ्टिंगच्या प्लेटच्या मागच्या बाजूला वाचता येतं. तिथे बऱ्याचदा एक छोटं भोक आणि त्यात बसवलेली गुडदी असते; तिथेच भर घालून किंवा काढून वजन जुळवतात. वाण्याच्या दुकानातलं लोखंडी वजन उलटं करून पाहा, त्याच्या तळच्या खोबणीत शिसं भरलेलं असतं आणि त्यावर निरीक्षकाचा शिक्का असतो. युक्ती तीच.

आपल्या घरातल्या ओतीव प्लेटला असं कुणी जुळवत नाही. वाळूच्या साच्यातून जशी निघाली तशी ती घासून, रंगवून विकली जाते. तिच्यात दोन-तीन टक्क्यांची तफावत निघाली तर नवल नाही. २० किलोंच्या प्लेटला तीन टक्के म्हणजे ६०० ग्रॅम. रॉडची फसगत याहून मोठी. बाजारातला साधा पाच-सहा फुटी रॉड स्पर्धेतल्या रॉडसारखा २० किलोंचा नसतो, तरी वहीत तो सर्रास २० म्हणून लिहिला जातो.

तरीही ०.१ टक्क्याच्या प्लेट विकत आणायची गरज नाही. घरी पदक नसतं, असतो तो फक्त मागच्या महिन्याशी हिशेब, आणि त्यासाठी वजन खरं असण्यापेक्षा ते ठाऊक असणं महत्त्वाचं आहे. वजनकाटा गादीवर किंवा रबरी मॅटवर नको, सपाट फरशीवर ठेवा. आधी काटाच तपासा: रिकामी बादली तोला, मग मोजून दहा लिटर पाणी भरून पुन्हा तोला, फरक दहा किलोंच्या आसपास यायला हवा. प्रत्येक प्लेट दोन-तीनदा तोला आणि भरलेलं वजन तिच्या मागे रंगाने लिहा. छापील आकडा काहीही असो, सर्वांत जवळच्या वजनाच्या प्लेटच्या जोड्या लावा, म्हणजे दोन्ही खांद्यांवर सारखा भार येईल. रॉडही तोला. बेरीज अडली तर महासंघाचं शहाणपण उसनं घ्या: वहीत लिहिताना आकडा नेहमी खालच्या बाजूला पूर्ण करा.