क्षमा कोणाच्या वाट्याला?

‘स्मृतिचित्रे’ची थोरवी सांगताना आपली प्रस्थापित समीक्षा लक्ष्मीबाई टिळकांच्या विनोदापाशी आणि घरगुती भाषेपाशी थांबते. ना. वा. टिळकांचा शीघ्रकोप, संसाराची बेफिकिरी, हातचे देऊन टाकण्याची सवय हे सारे मग ‘कवीचा लहरीपणा’ या सदरात जमा होते. 1895 साली टिळकांनी बायकोला न सांगता बाप्तिस्मा घेतला. पुढची काही वर्षे तिने कशी काढली, हे पुस्तकात आहे. पण समीक्षेला त्यातली गंमतच अधिक भावते.

ख्रिस्ती श्रद्धा दोषी माणसाला काम नाकारीत नाही. येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्रावरच पुढे मेंढरे सोपविली गेली. टिळकांची गीते, 1917 चा ‘देवाचा दरबार’ हे एका तापट, अव्यवहारी माणसाच्या हातून घडले. आधी तापटपणा गेला आणि मग कार्य सुरू झाले, असे झाले नाही. लक्ष्मीबाई हे झाकीत नाहीत, हे त्यांचे मोठेपण.

पण हीच क्षमा नगर जिल्ह्यातल्या महार-मांग ख्रिस्त्यांना मिळाली काय? 1876-77 च्या दुष्काळानंतर जे मिशनकडे वळले, ते ‘भाकरीसाठी बाटलेले’ ठरले. ब्राह्मणाचे धर्मांतर ही आत्म्याची तळमळ आणि महाराचे ती पोटाची खळगी! ज्याला गावाने विहिरीवर चढू दिले नाही, त्याने भाकरी आणि माणूसपण एकाच दारी मागितले, तर त्याची श्रद्धा खोटी कशी? पेत्रही मासे मारूनच पोट भरीत होता.

‘स्मृतिचित्रे’तील खरा कसोटीचा भाग मला वेगळाच वाटतो. लक्ष्मीबाईंनी माहेरी वडिलांच्या सोवळ्याचा अतोनात जाच सोसला होता. तरीही ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याजवळ राहायला आल्यावर त्या स्वतः सोवळेच पाळीत राहिल्या. ज्याने सोसले तोच दुसऱ्यावर लादतो, ही आपल्याही वस्तीत अनोळखी गोष्ट नाही. महार-मांगांमधली उतरंड आठवावी. पुढे विचार करता करता त्यांना उमगले की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे. आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्याचा निश्चय केला. 1900 मधला त्यांचा बाप्तिस्मा मला या निश्चयापुढे दुय्यम वाटतो.

शाळेत न गेलेल्या या बाईने टिळकांच्या ‘ख्रिस्तायना’च्या दहा अध्यायांना पुढे चौसष्ट अध्याय जोडले. आपले अपुरेपण ठाऊक असूनही काम हाती घेण्याचे हे धैर्य दलित आत्मकथनांशी नाते सांगणारे आहे. फरक एवढाच की सोवळे सुटण्याची ही हकीकत ते पाळणाऱ्या बाजूने लिहिलेली आहे. ज्यांचा विटाळ धरला गेला, त्यांना त्या दिवशी काय वाटले, हे त्यांच्याच शब्दांत वाचायला हवे.