‘समग्ग’ आणि ‘बिनविरोध’

महापरिनिब्बानसुत्तातील वज्जींच्या सात अपरिहानीय धम्मांचा दाखला देऊन ‘बिनविरोध’ ग्रामपंचायतीस बौद्ध परंपरेचे अधिष्ठान देण्याची प्रवृत्ती अधूनमधून आढळते. वज्जी एकोप्याने जमत व एकोप्याने कार्य करीत, तेव्हा निवडणूक न होणारे गाव हे त्यांचे वारसदार, असा तो युक्तिवाद. हे वाचन सदोष आहे. वज्जींच्या गणात निर्णयाधिकार क्षत्रिय कुळांचा होता. दास-कर्मकर त्या एकोप्यात कधी मोजलेच गेले नाहीत.

‘समग्ग’ शब्दाची खरी कसोटी विनयात आहे. महावग्गातील चम्पेय्यक्खन्धकात संघकर्माचे चार प्रकार येतात : अधम्मेन वग्ग, अधम्मेन समग्ग, धम्मेन वग्ग आणि धम्मेन समग्ग. पैकी केवळ चौथा ग्राह्य. दुसऱ्या प्रकाराकडे आपले अभ्यासक फारसे वळत नाहीत. तेथे सर्व उपस्थित आहेत, विरोध कोणाचाच नाही. तरीही कर्म अवैध, कारण ते नियमास धरून नाही. ञत्तिचतुत्थ कर्मात मौन म्हणजे संमती हे खरे. परंतु प्रस्ताव तीनदा उच्चारून, ज्यास मान्य नसेल त्याने बोलावे, असे प्रत्येक वेळी आवाहन होते. शिवाय सीमेत असलेल्या निर्दोष, समानसंवासक भिक्खूने केवळ शेजारी बसलेल्यास आपला आक्षेप कळविला, तरी तो ग्राह्य ठरतो. विनयातील मौनाला वजन आहे ते या सोयीमुळे.

गावातील मौनाला ही सोय कोठे आहे? ज्याची मजुरी, पाणी आणि वाट दुसऱ्याच्या शिवारातून जाते, त्याच्या गप्प राहण्यास संमती म्हणणे धाडसाचे आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गाव हा घटक नाकारून व्यक्ती स्वीकारली, ती याच अनुभवातून. त्याच सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी भिक्खुसंघाच्या कार्यपद्धतीचा गौरव केला. आपण ही दोन भाषणे सुटी वाचतो. ती एकत्र वाचावीत. गौरव गणसंख्या, प्रस्ताव, मतमोजणी या नियमांचा आहे. केवळ एकोप्याचा नव्हे.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने राखीव जागा दिल्या. त्या जागेवर कोण बसणार हे ‘गावाने ठरविले’ असे आजही सहज म्हटले जाते. हे ‘गाव’ कोण, हे आपले लेखकही विचारीत नाहीत, याचा खेद वाटतो. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका, पदांचा लिलाव झाल्यावरून, रद्द केल्या. चम्पेय्यक्खन्धकाच्या परिभाषेत ते अधम्मेन समग्गच होते.